घर जागेवर राहतं, वाळू जाते

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या तरुण सदस्याने विचारलं आहे: ‘आमच्या वाडीला लागून रिसॉर्ट येतंय. बैठकीत सांगितलं की एकही घर हलणार नाही, उलट किनारा सुशोभित होईल, पोरांना कामं मिळतील. तरी आमचे जुने रापणकर म्हणतात, हे आपल्याला उठवणार. घर जातच नसेल तर विस्थापन कसलं? आणि आत्ता आम्ही नेमकं काय करायचं?’

तुमचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे जुने मच्छीमार, बरोबर बोलताहेत. विस्थापन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धरण येतं. पाणी चढतं, गाव बुडतं, माणसं सामान ट्रकमध्ये भरून निघतात. कोयनेपासून आपण तेच चित्र पाहत आलो. किनाऱ्यावर तसं काही दिसत नाही. घर तिथेच असतं, दारातली तुळस तिथेच असते, मतदार यादीत नावही असतं. त्या घराला पोसणारी जागा मात्र हातची गेलेली असते. दहा-पंधरा वर्षांनी ते घरही विकलं जातं आणि तेव्हा सगळे म्हणतात, त्यांनी आपखुशीने विकलं.

मी गेली सत्तावीस वर्षं मालवण-वेंगुर्ल्यापासून गोव्यातल्या बार्देसपर्यंत मच्छीमार वस्त्यांची सर्वेक्षणं आणि किनारा-वापराचे नकाशे करते आहे. माझं पहिलं सर्वेक्षण चुकीचं होतं, ते आधी सांगते, कारण तीच चूक आजही प्रकल्पांच्या अहवालांत होते. मालवणजवळच्या एका वाडीत मी दोन दिवस घरं मोजली, माणसं मोजली, होड्या मोजल्या, तक्ता पुरा केला. निघताना एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातातला कागद बघून विचारलं, ‘घरां मोजलंस बाय, वाळू कोण मोजतलो?’ मला त्या वेळी तिचा प्रश्न नीट कळला नाही. नंतरची सगळी वर्षं मी तेच मोजते आहे.

वाळू म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण अहवाल लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि तुम्हाला ते त्याच्यापुढे मांडावं लागणार आहे, म्हणून लिहिते. रापणीची होडी एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन निघते. समुद्रात मोठा अर्धगोल घेत, जाळं सोडत ती बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडे माणसं दोराला लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी जाळं वाळूवर येतं. पन्नास-साठ माणसांचं हे काम. त्यासाठी काही शे मीटरची सलग, मोकळी, उताराची वाळू लागते. मध्ये चार छत्र्या आणि आठ खुर्च्या आल्या तरी रांग सरकू शकत नाही. शिवाय होडी ओढून ठेवायला जागा, जाळं पसरून वाळवायला जागा, ते दुरुस्त करत बसायला माडाची सावली, दोर आणि वल्ही ठेवायला मांगर म्हणजे खोपटं, मासळीचा लिलाव होतो तो कोपरा, आणि मासे सुकवायचं अंगण. इतकी सगळी मिळून एका रापणीची जागा होते. कारखान्याचा मजला असतो तसा हा मजला आहे.

आणि रापणीचा वाटा. मासळीच्या पैशांतून होडी-जाळ्याचा हिस्सा बाजूला काढला की उरलेलं दोर ओढणाऱ्यांत वाटलं जातं. दोराला हात लावणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही रीत. सत्तरीचा म्हातारा, नवरा गेलेली बाई, शाळेच्या आधी तासभर येणारा पोरगा, सगळ्यांना काही ना काही मिळतं. रिसॉर्ट पोरांना कामं देईल असं म्हणतात तेव्हा मी विचारते, या म्हाताऱ्याला कुठलं काम देणार? बावीस वर्षांच्या मुलाला पगार मिळतो हे खरं आहे, आणि तो पगार मी कमी लेखत नाही. पण वाटा आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार एकाला मिळतो. वाटा वाडीला मिळत होता.

आता कागदाकडे या. तुमच्या घराला घरपट्टी आहे, बागायतीला सात-बारा आहे. भरतीरेषेच्या खालची वाळू सरकारची. म्हणजे वर सांगितलेल्या मजल्याची कुठल्याही दप्तरात नोंद नाही. ती वाळू रिसॉर्टचीही नाही, पण त्याला तिथे वापराचे परवाने मिळतात: जलक्रीडेचा परवाना, तात्पुरत्या शॅकचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपडीचा, परवाना, सुशोभीकरणाचं कंत्राट. तुमच्या आजोबांपासून चालत आलेला वापर हा फक्त वापर असतो. भांडण पोलीस ठाण्यात गेलं की साहेब दोघांनाही एकच विचारतात, कागद दाखवा. वाडीची पहिली हार तिथे होते.

हे एकदम होत नाही. त्याला एक क्रम आहे आणि तो मी इतक्या गावांत पाहिला आहे की आता पहिली खूण दिसली तरी पुढचं कळतं. पहिली जाते ती सुकट. सुक्या मासळीचा वास शहरी पाहुण्याला सोसत नाही, आणि सुकवणाऱ्या बायका असतात, त्यांचा आवाज मच्छीमार संस्थेच्या बैठकीतही कमी ऐकला जातो. एका गावात मी हे जवळून पाहिलं. तिथली एक बाई बांगडे खारवून आणि गोलमो, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवून पावसाळ्याची बेगमी करायची आणि उरलेलं आठवडी बाजारात विकायची. शेजारी खोल्या झाल्या. तक्रार आली. गावातल्याच मंडळींनी तिला समजुतीने सांगितलं की जरा मागे सरक. मागे म्हणजे माडबनाच्या आत, जिथे ऊन तुटक येतं, वारा अडतो, खालून माती लागते. माल काळा पडायला लागला, भाव पडला. दुसऱ्या वर्षी तिने सुकवणं सोडलं आणि लिलावातली ताजी मासळी घेऊन पाटी डोक्यावर बाजार गाठू लागली. त्यात भांडवल लागतं, बर्फ लागतो, गाडीभाडं जातं. तिसऱ्या वर्षी तिने तेही सोडलं. तिला कुणी उठवलं नाही, नोटीस दिली नाही, भरपाईचा प्रश्नच आला नाही. पुढे त्या गावाचा एक अहवाल माझ्या हाती आला, त्यात तिच्या नावापुढे ‘गृहिणी’ लिहिलं होतं.

सुकटीनंतर वाट जाते. वाडीतून समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा खासगी बागांमधून जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर कुणी हरकत घेतलेली नसते. बाग विकली गेली की नवा मालक चिऱ्यांचं कुंपण घालतो. मग जाळं खांद्यावर घेऊन अर्धा किलोमीटर वळसा. मग होड्या ठेवायची जागा, कारण तिथे पार्किंग हवं असतं. मग वेळ. ‘पहाटे काय ते ओढा, आठच्या आत किनारा मोकळा करा,’ असं सांगणारे लोक मी ऐकले आहेत, आणि ते वाईट हेतूने बोलत नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की ही तडजोड आहे. पण मासळी घड्याळ पाहून येत नाही. पाण्याचा रंग बदलला, वर पक्षी उतरायला लागले की जाळं सोडायचं, मग सकाळचे अकरा वाजलेले असोत की दुपारचे तीन. शिवाय दोन्ही हंगाम एकाच काळात येतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो, रापणीचे चांगले महिने दिवाळीच्या आगेमागे, आणि पर्यटकही दिवाळीपासूनच यायला लागतात. पाण्यातही तेच. जेट स्की आणि बनाना बोटी फिरतात ते पाणी म्हणजे छोट्या होडीवाल्याने जाळी लावायचं पाणी.

घराची गोष्ट यानंतर येते. तोवर घराची वाळूशी असलेली गाठ सुटलेली असते, त्यामुळे ते विकणं सोपं जातं. आपल्याकडे कोकणात सात-बारावर दहा-वीस-तीस नावं सामायिक असतात, त्यातली अर्धी मुंबईला. खरेदीदार गावात राहणाऱ्या भावाकडे येतच नाही. तो परळ-नालासोपाऱ्याला जाऊन एका हिस्सेदाराचा अविभक्त हिस्सा घेतो, कुलमुखत्यारपत्र करून घेतो, आणि मग गावातल्या भावाच्या उंबऱ्यापर्यंत त्याचा हक्क येऊन पोचतो. वाटपाचा दावा वर्षानुवर्षं चालतो. होडीचं कर्ज फेडणाऱ्या माणसाला वकील परवडत नाही. कित्येक मच्छीमार घरं तर दुसऱ्याच्या बागेत राहतात: भाट, म्हणजे माडाची बाग, एकाचं, घर दुसऱ्याचं, आणि तोंडी परवानगीने तीन पिढ्या राहिलेल्या. गोव्यात १९७५ च्या मुंडकार कायद्याने अशा घरांना निदान संरक्षण दिलं. आपल्याकडे प्रत्येक घराचा कागद वेगळा काढून बघावा लागतो, आणि तो प्रकल्प येण्याआधी बघावा लागतो.

गोव्याचा विषय निघाला तर तिथे काय घडलं ते पाहा, कारण ते आपल्या आधी वीस-पंचवीस वर्षं झालं. कळंगुट, कांदोळी, बागा हा पट्टा रापणकारांचा. १९७० च्या दशकात सरकारी मदतीने ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी खरवडून नेऊ लागले. रापणकारांनी एकवट, म्हणजे आपली संघटना, उभारला, माथानी साल्ढाणांसारखे नेते पुढे आले, मोठी आंदोलनं झाली. त्यातून १९८० चा गोवा, दमण आणि दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला; महाराष्ट्राचा त्यानंतर, १९८१ मध्ये. कायदा झाला तरी किनाऱ्याजवळचं पाणी पुन्हा तसं भरलं नाही. आधी हिप्पी येत होते, त्यांना घरातली खोली भाड्याने दिली जायची. १९८० च्या दशकात विदेशी चार्टर विमानं उतरू लागली आणि खोलीच्या जागी हॉटेल आलं. समुद्राकडून ट्रॉलरने दाबलं आणि जमिनीकडून पर्यटनाने. मधल्या वाळूवर रापण सापडली. त्या पट्ट्यातल्या होड्या आज पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात.

म्हणून मी पर्यटनाला एकट्याला दोषी धरत नाही, आणि जे तसं धरतात त्यांच्याशी माझं जमत नाही. मासळी भरपूर असलेली वाडी किनारा सोडत नाही. आपल्याकडे पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने गरीब होडीवाल्याचं जे केलं, त्याने पर्यटनाची वाट मोकळी करून दिली. बांगडा आणि तारली किनाऱ्याला येईनाशी झाली की रापण संघातला माणूस स्वतःच म्हणतो, चला, ही जागा शॅकला देऊ. त्याच्या त्या म्हणण्याला संमती म्हणायचं का, यावर मी फार विचार केला आहे. माझं उत्तर नाही असं आहे.

गोव्याची दुसरी गोष्ट वाटेची आहे आणि ती तुमच्या बैठकीत जरूर सांगा. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर हॉटेलच्या वाढीव बांधकामाने समुद्राकडे जाणारी जुनी वाट अडली. स्थानिक रहिवासी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये निकाल दिला की किनाऱ्यावर जाण्याचा जनतेचा हक्क असा बुजवता येत नाही. समुद्रकिनारा सरकारकडे असतो तो विश्वस्त म्हणून. बांधकाम पाडायचा आदेश कायम झाला. आणि मग राज्य सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली आणि ते बांधकाम वाचलं. दोन्ही भाग सांगा. फक्त निकाल सांगितला तर लोक निर्धास्त होतात, फक्त दुरुस्ती सांगितली तर हताश होतात. निकालातलं तत्त्व आजही वापरता येतं आणि मी ते दोनदा वाटेच्या वादात वापरलं आहे.

आता आपला जिल्हा. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८७ मध्ये, मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं होतं आणि मच्छीमारांनी त्याला कडकडून विरोध केला होता. पर्यटन जिल्हा होऊनही मालवणचं कळंगुट झालं नाही. तारकर्ली, देवबाग, दांडी इथे बऱ्याच खोल्या मच्छीमारांच्या स्वतःच्या घरात झाल्या. निवास-न्याहारी योजनेने त्याला हात दिला. स्नॉर्कलिंग आणि स्कूबात मच्छीमार गाबीत समाजाची पोरं उतरली, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक त्यांना तळहातासारखे ठाऊक होते. मासळी दुष्काळाच्या वर्षांत या खोल्यांनी घरं तगवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पर्यटन नको असं मी तुम्हाला सांगणार नाही. किनाऱ्यावर पाहुणा येण्यात वाईट काही नाही. पाहुण्याची खोली कुणाच्या नावावर आहे आणि त्याच्यासाठी वाळू कुणाची सरकवली, एवढंच मी पाहते.

पण मालवणकडेही दोन गोष्टी बिघडल्या आणि त्या तुमच्याकडे बिघडू नयेत. एक, माणसं. पोरं जलक्रीडेत गेली की रापण ओढायला हात उरत नाहीत. पन्नासांतले पंधरा गेले तरी उरलेल्यांना ओढता येत नाही, सगळी रापण बसते. काही ठिकाणी रापण अशी बंद पडली की जाळं चांगलं होतं, मासळीही थोडीफार होती, पण दोराला माणूस नव्हता. दुसरी गोष्ट दगडांची. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये अरुंद वाळूची पट्टी. तिथे समुद्र घरात येतो, त्यामुळे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी मच्छीमारांचीच होती आणि ती रास्त होती. मात्र मोठमोठे दगड पडले की त्या टप्प्यावर रापण ओढता येत नाही, होडी वर घेता येत नाही. अशा वेळी बंधाऱ्यात होडीसाठी मोकळे टप्पे सोडायला लावायचे असतात, आणि ते आराखड्याच्या वेळीच सांगावं लागतं. दगड पडल्यावर कुणी ऐकत नाही.

कायद्याबद्दल. किनाऱ्यापासून पाचशे मीटर जागा मोकळी ठेवा, असं पंतप्रधान इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं होतं. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना आली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामाला बंदी. १९९४ मध्ये ती सैल करायचा प्रयत्न झाला, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्यातला काही भाग रद्द केला. २०११ ला नवी अधिसूचना, आणि सध्या चालते ती जानेवारी २०१९ ची. तिच्यात दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे २०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त लोक असतील तिथे, बंदीचा पट्टा ५० मीटरवर आला. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता १६३ आहे, त्यामुळे तुमच्या गावात बहुधा २०० मीटरच लागू असतील. पण खाडीकाठी पट्टा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यातलं जे कमी असेल तेवढाच उरला. तुमच्या वाडीची मागची बाजू खाडीला लागते का ते पाहा. पुष्कळ लोक समुद्राकडे तोंड करून लढतात आणि प्रकल्प खाडीकडून येतो.

त्याच अधिसूचनेने किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना वाट दिली: शॅक, स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या, भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून. तात्पुरत्या या शब्दाकडे नीट बघा. रापणीचा मजला बरोबर त्याच पट्ट्यात आहे. पक्कं हॉटेल २०० मीटरच्या मागे राहील, कायदा पाळेल, आणि त्याच्या छत्र्या तुमच्या दोराच्या वाटेत येतील. उलट एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: मच्छीमारांसह स्थानिकांना असलेल्या घरात, घराचा चौथरा, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता, पाहुणे ठेवायला मुभा आहे. वाडीतल्या ज्या घरांना खोल्या द्यायच्या आहेत त्यांनी हे कलम वाचून मगच पुढचं बांधकाम काढावं. वरचा मजला चढवून नंतर नोटीस घेणारी घरं मी पाहिली आहेत, आणि तशी नोटीस आलेला माणूस ग्रामसभेत रिसॉर्टविरुद्ध तोंड उघडत नाही.

जमीन सरकार संपादन करणार असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. त्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नाही. संपादनाआधी तीन वर्षं ज्याची मुख्य उपजीविका जंगलावर किंवा पाण्यावर अवलंबून आहे आणि ती संपादनामुळे बिघडते, असं कुटुंबही त्यात येतं, आणि मच्छीमार व नावाडी हे शब्द तिथे स्पष्ट लिहिले आहेत. सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो, सुनावणी घ्यावी लागते. याच कायद्याने पायाभूत सुविधांच्या यादीतून खासगी हॉटेलं वगळली आहेत, पण ‘पर्यटन प्रकल्प’ हा सार्वजनिक हेतू म्हणून ठेवला आहे. म्हणून प्रस्तावाच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय ते मिळवा. हॉटेल लिहिलंय की पर्यटन प्रकल्प, यावर तुमचं पुढचं सगळं ठरेल. आणि जमीन थेट खासगी खरेदीने जात असेल तर यातलं बहुतेक काही लागू होत नाही. मला वाटतं तुमच्याकडे तसंच असणार. जंगलातल्या माणसाला २००६ चा वनहक्क कायदा आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला तसा कायदा नाही. २००९ मध्ये पारंपरिक मच्छीमारांच्या हक्कांचा एक मसुदा केंद्राने केला होता, तो कायदा झाला नाही. ही उणीव भरून निघेपर्यंत वाडीला आपला कागद आपणच तयार करावा लागतो.

तो असा करा. रापणीतल्या जुन्या माणसांना, सुकवणाऱ्या आणि पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांना, आणि जलक्रीडेत काम करणाऱ्या पोरांना वेगवेगळ्या दिवशी किनाऱ्यावर न्या. एकत्र नेलंत तर पुरुष बोलतील आणि नकाशात होड्याच येतील. ओहोटीला वाळूवर काठीने रेघा ओढून त्यांना दाखवू द्या: इथून दोर सुटतो, इथपर्यंत रांग सरकते, इथे मासे वाळतात, इथे होळीला आणि नारळी पौर्णिमेला आम्ही जमतो, या वाटेने पाटी जाते, या विहिरीचं पाणी गोडं आहे. विहीर विसरू नका, रिसॉर्टचा पंप जोरात चालला की वाळूतल्या विहिरीत खारं पाणी शिरायला वेळ लागत नाही. मोबाईलवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, फोटो काढा, मग गट क्रमांकांच्या नकाशावर उतरवा. त्याला ग्रामसभेचा ठराव जोडा. ठरावात ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. कुठला पट्टा किती मीटर, कुठल्या महिन्यांत, कुणाच्या वापरात, हे लिहा.

मग तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पोच घेऊन द्या. किनारा आराखड्याच्या नकाशात मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक जागा, मासे सुकवायच्या जागा दाखवायच्या आणि त्यांच्या पुढच्या घरांच्या गरजेचं नियोजन करायचं, हे २०११ च्या अधिसूचनेने राज्यांवर टाकलं. तुमच्या गावचा नकाशा उघडून बघा, यातलं काय दाखवलंय. जे दाखवलं नाही ते मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली किनारा क्षेत्राची जिल्हा समिती असते, तिच्यावर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. ते तिघे कोण, हे विचारा. बहुतेक वाड्यांना त्यांची नावं माहीत नसतात.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही सदस्य आहात. तोंडी आश्वासनावर तो देऊ नका. वाटेची रुंदी, होड्यांची जागा, सुकवणाचं अंगण, रापणीचा पट्टा आणि तो दिवसाच्या कुठल्याही वेळी मोकळा राहील ही अट, सगळं दाखल्यातच नकाशासह लिहा. नोकऱ्यांचा आकडा लिहून घेण्यासाठी लोक आग्रह धरतील. धरू द्या, पण त्याच्या बदल्यात पट्ट्याची अट सोडू नका. नोकरीची अट मोडली की भांडता येतं. पट्टा गेला की परत येत नाही.

आणखी एक, आणि हे लवकर करा. प्रकल्पाच्या माणसांनी तुमच्या किनाऱ्याचं सर्वेक्षण कुठल्या महिन्यात केलं ते विचारा. माझ्या हाती आलेले असे अहवाल पुष्कळदा पावसाळ्यातले असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, होड्या झापांखाली, जाळी मांगरात, किनाऱ्यावर कुत्रंही नसतं. मग अहवालात लिहितात: ‘जागा मोकळी, वापरात नाही.’ तुमच्याकडेही तसंच झालं असेल तर लेखी हरकत घ्या आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या चांगल्या ओढीच्या दिवशी त्यांना पुन्हा बोलवा. तोपर्यंत तुमचा स्वतःचा नकाशा तयार ठेवा.